मोतालेबला बटण दिसत नाही

सोहार, रात्रीचे सव्वाअकरा.
इथे काचेला घाम बाहेरून फुटतो.
त्यातून बंदरावरच्या क्रेनचे लाल दिवे
ओघळल्यासारखे दिसतात.
मोतालेबचा चौथा मेसेज:
पारकरभाई, बटन नहीं है.

आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं.
म्हटलं, लॉगआउट करून परत ये.
तो परत आला,
बटण आलं नाही.

कॅशे साफ केली.
प्लगइन बंद केले, फ्यूज शोधताना
घरातले दिवे मालवतात तसे, एकेक.
आता वेबसाइटवर कंपनीचा लोगोही नाही,
तरी बटण नाही.

भूमिका मीच बनवलेली, मार्चमध्ये.
नाव दिलं 'सूचना-लेखक'.
त्याआधी कंपनीत असा कुणी नव्हता.
मोतालेब होता फक्त,
कॅम्पच्या स्टोअरमध्ये हातमोजे मोजणारा,
ज्याचं बंगाली अक्षर छापल्यासारखं
आणि ज्याला त्या अक्षराचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

परवानग्यांची यादी उघडली. चौकोनच चौकोन.
वाचू शकतो: हो.
लिहू शकतो: हो.
प्रसिद्ध करू शकतो: हो, जिजी मॅडमशी भांडून मिळवलेलं.
दुसऱ्याचं खोडू शकतो: नाही. बरोबरच आहे.
मग अडतंय कुठे?

शेवटी, सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं.
'या वापरकर्त्याच्या नजरेतून पाहा' दाबलं
आणि मोतालेब झालो.

केवढी रिकामी आहे त्याची वेबसाइट!
डावीकडे तीन ओळी:
माहिती, माझ्या सूचना, बाहेर पडा.
बाहेर पडायचं तेवढं सगळ्यांना दिलेलं असतं,
वेबसाइटवर तरी.
मला दिसतात ती सतरा दालनं इथे नाहीतच.
मला वाटलं होतं, कुलपं असतील,
निदान 'प्रवेश बंद' अशी पाटी.
दारच नाही. रंग दिलेली भिंत आहे नुसती.

आणि कालची त्याची सूचना, त्याच्याच नावाने.
बस ৪:৩० ला, असं काहीसं; शून्य पण वेगळं काढतो तो.
बंगालीतला चार हुबेहूब इंग्रजी आठ.
अकरा जण, कुणी सिवानचे, कुणी धनुषाचे,
साडेआठला गेटवर उभे राहिले डबे घेऊन.
बस साडेचारलाच गेली होती.
अर्धा दिवस कापला.

त्याला त्याखाली नागरीत 'चार' लिहायचंय.
सूचनेवर नेलेला बाण एकच शब्द दाखवतो:
पाहा.
'बदला' नाही.

सापडला. यादीत खाली, छत्तिसावा चौकोन:
स्वतःचा प्रसिद्ध झालेला मजकूर बदलू शकतो.
रिकामा.
विसरून राहिला असता तर बरं वाटलं असतं.
नोंदवहीत माझीच आद्याक्षरं, माझंच वाक्य:
'एकदा गेलं ते गेलं. नंतर घोळ नको.'

टिक केली. जतन केलं. लिहिलं, अब देख.
दोन मिनिटांनी: आ गया भाई.

पान ताजं केलं.
चार आता अक्षरांत, दोन लिप्यांत, ठळक.
खाली एक ओळ, मी न सांगितलेली:
गलती मेरी थी. मोतालेब, स्टोअर.

माझ्याकडे सगळे चौकोन भरलेले आहेत.
दुसऱ्याचं खोडू शकतो: हो.
खोडली, तर आणखी एकदा त्याचं लिहिलेलं मी काढणार.
ठेवली, तर उद्या अकरा जण ती खरी मानणार.
बाण त्या ओळीवर ठेवून बसलोय.

बारा वाजले.
साडेचारला साडेचार तास आहेत.